हळदीच्या पाण्याचा कौल

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बाळकुमच्या मारुतीच्या देवळापुढे शेवंतीचे दोन्ही तळवे लाल झाले. हळदीच्या पिवळ्या पाण्यात तिने हात बुडवले, आणि बाहेर काढले तेव्हा बोटांवरून रक्तासारखे थेंब गळत होते. सगळं गाव जमलं होतं. पुढे बसलेल्या बायका मागे सरकल्या आणि शेवंतीभोवती मोकळी जमीन दिसू लागली.

१९५३चा उन्हाळा होता. खालच्या आळीत महिन्याभरात तीन मुलं दगावली होती. आधी जुलाब, मग ताप, मग संपलं. तिसरा मुलगा धोंडीबाचा. शेवंती विधवा, शाळेत पाणी भरणारी. तिन्ही मुलांच्या उशाशी तीच बसली होती. एवढं पुरलं. शेवंती बसते तिथे तिरडी बांधतात, असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या, आणि त्याच सुमाराला गावात हळदीबुवा उतरले.

बुवांचं सगळं सोपं होतं. शंका म्हणजे मनाला लागलेली वाळवी, असं ते सांगत. विचारायचं नाही, मानायचं. हा त्यांचा घरोघरी वाटलेला नेम. दुसरा नेम, दुखण्यात डाक्तर घरात आणायचा नाही. "मी कोण हो? मी पोस्टमन," ते हात जोडून म्हणत. "वरचा लिहितो, मी वाटतो." या पोस्टमनला रोज शेरभर तूप लागे.

मुलं कोणी खाल्ली, ते घंगाळातलं हळदीचं पाणी सांगणार होतं. एकेकाच्या तळव्यावर बुवा थैलीतली पांढरी विभूती चोळत, मग तो हात पाण्यात बुडवी. सगळ्यांचे हात पिवळे निघाले. शेवंतीला अगदी शेवटी बोलावलं.

"सूर्य मावळायच्या आत हिने गाव सोडावं," बुवा हळू आवाजात म्हणाले. "नाही सोडलं, तर पुढचं काय ते गाव बघेल. मी कशाला सांगू?"

धोंडीबा उठून उभा राहिला. त्याच्यामागे आणखी काही पुरुष उठले. शेवंती आपल्या हातांकडे अशी पाहत होती, जणू ते हात तिचे नव्हतेच.

ठाण्याच्या टेंभी नाक्याहून रोज गावच्या शाळेत शिकवायला येणाऱ्या सुमतीबाई कर्णिक त्या दिवशी मुद्दाम आल्या होत्या. लाल थेंब पाहून त्याही एक पाऊल मागे सरल्या, आणि सरल्याचा त्यांना राग आला. वर्गात त्यांचा एक नियम होता: माहीत असेल तर सांगा, नसेल तर माहीत नाही म्हणा, दोन्हीला गुण सारखेच. पोरं त्याचा फायदा घेत. भागाकार अडला की हात वर करून "माहीत नाही" म्हणत आणि वर गुण मागत. पण तोंडाला येईल ते ठोकून देण्याची सवय मात्र त्यांची सुटली होती.

बाई पुढे गेल्या आणि त्यांनी शेवंतीचा हात हातात घेतला. गर्दीतून कोणीतरी शिवू नका म्हणालं. तळवा बुळबुळीत लागत होता. नखांच्या कडेला पांढरं काही उरलं होतं. शेवंती पुटपुटली, "बाई, चरचरतंय."

बाईंनी समोरच्या घरातून तांब्याभर पाणी आणि चिमूटभर हळद मागवली. मग त्या धोंडीबाकडे वळल्या. "तुमची चंची द्या जरा."

धोंडीबाने पानतंबाखूची चंची पुढे केली. बाईंनी तीतला चुना आपल्या तळव्यांना चोळला आणि हात हळदीच्या पाण्याने भिजवले. ते शेवंतीच्या हातांइतकेच लाल झाले.

"मग आता मीही मुलं खाल्ली म्हणायची," बाई म्हणाल्या. बुवांच्या पूजेतलं लिंबू उचलून त्यांनी तळव्यावर पिळलं. लाल रंग पुन्हा पिवळा झाला.

बुवांनी देवाच्या कोपाची भाषा सुरू केली. पण म्हातारी आवडाबाई त्यांच्याजवळच बसली होती. तिने त्यांच्या मांडीखालून दुसरी थैली ओढली. पहिल्या थैलीत तांदळाचं पीठ निघालं, दुसरीत विरलेला चुना. आवडाबाईने तो बोटांत चोळून पाहिला.

"अगो, घरी कुकू करताव ते ह्येच," ती म्हणाली. "हळदीला चुना. आमीच करायचा, न आमीच भ्यायचा."

काही बायका हसल्या. पण धोंडीबा हसला नाही.

"रंगाचं कळलं, बाई," तो म्हणाला. "माझा पोर कशानं गेला, ते सांगा."

देवाची इच्छा म्हणावं, दैव म्हणावं, बाईंना काहीही म्हणता आलं असतं. तो माणूस कोणतंही उत्तर घ्यायला तयार होता.

"मला माहीत नाही," सुमतीबाई म्हणाल्या.

बुवांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ऐकलंत? हे शिकलेल्यांचं ज्ञान."

"माहीत नाही, म्हणून मी खालच्या विहिरीचं पाणी तपासायला नेणार आहे," बाई धोंडीबालाच सांगत राहिल्या. "यांना सगळं माहीत आहे, म्हणून यांनी विहिरीत डोकावूनही पाहिलं नाही. तोवर पाणी उकळून प्या. ताप आला तर डॉक्टरकडे जा. आणि उत्तर सापडत नाही, म्हणून हाताशी सापडलेल्या माणसाला मारू नका. एवढं कळायला शाळा लागत नाही."

धोंडीबा चंची न घेताच घरी गेला. त्याच्यामागे उठलेलेही पांगले.

विहिरीच्या पाण्याची बाटली सोमवारी ठाण्याला पोचली. बुवा रविवारी दुपारीच घंगाळ गाडीत घालून निघून गेले. गावातून कोणी तक्रार केली नाही, त्यामुळे पोलिसांनीही काही केलं नाही. कळव्याला देवळापुढे त्यांचा मांडव उभा राहिल्याचं ऐकू येतं. शेवंती सध्या आवडाबाईच्या पडवीत निजते. खालच्या आळीत काही घरी पाणी उकळतात, काही घरी नाही. लाकूड महाग आहे, असं सांगतात.

पाण्याचा अहवाल अद्याप आलेला नाही. धोंडीबाच्या धाकट्या मुलीला कालपासून ताप आहे.