नादकाट्याचं गंध

"सूर उतरला रे नरसिंहा, थांबव."

तिरुविसनल्लूरच्या मठात भजन ऐन रंगात आलेलं असायचं, झांजा घुमत असायच्या, आणि तेवढ्यात वडील हात वर करून हे म्हणायचे. बाकी कुणाच्या कानाला काही लागलेलं नसायचं. सगळे एकमेकांकडे बघायचे. वडील मात्र तंबोऱ्याची खुंटी पिळून, डोळे मिटून पुन्हा सुरू करायचे, आणि मग सगळ्यांना कळायचं की हो, मघाशी काहीतरी हललं होतं खरं.

वडील गेले. आवाज राहिला. नरसिंहराव कुंभकोणमच्या तारघरात मास्तर झाले, तरी तो आवाज कानाच्या पाळीमागे बसूनच होता.

ह्या आठवड्यात मात्र त्यांचे कान दुसऱ्याच कामात होते. ते तारघरातल्या जुन्या तारबाबूची, गुरुमूर्तीची पावलं ऐकत होते.

तारघरात टेलिप्रिंटर आला तो नरसिंहरावांनी वर अर्ज-विनंत्या करून. इकडे टंकायचं, तिकडे तिरुचीत अक्षरं आपोआप उमटायची. पहिला महिना यंत्र शहाण्या पोरासारखं वागलं. मग सरस्वतीपूजा आली. हत्यारांना विसावा देण्याचा तो दिवस. नरसिंहरावांनी चंदनाची वाटी हातात घेऊन यंत्राला गंध लावलं, मोटरीला लावलं, मोटरीचा वेग तपासायच्या दुटोकी नादकाट्याला लावलं, शिपायाच्या सायकलीलासुद्धा लावलं, वर कुंकवाचा टिळा. दुसऱ्या दिवशी यंत्र उघडून, मोटरीचा वेग नेमाप्रमाणे पुन्हा लावून काम सुरू केलं, आणि तिथून जे बिघडलं ते बिघडलंच.

स्वामीमलैचा मूर्तिकार वैद्यनाथ हातात तार घेऊन आला. "सार, हे वाचून दाखवा. आमच्या घरात कुणी संस्कृत म्हणतो, कुणी मंत्र म्हणतो."

संस्कृत नव्हतं. मुलीला मुलगा झाल्याची बातमी होती, अक्षरांचा नुसता भुगा झालेला.

पाच ठोक्यांचं एक अक्षर. इकडची मोटर आणि तिकडची मोटर एका लयीत फिरायला हव्यात. एक जरा रेंगाळली की पहिले ठोके जुळतात, शेवटचा हुकतो आणि अक्षर बदलतं. म्हणून तर नादकाटा. तो वाजवायचा, त्याच्या टोकांवरच्या फटींतून फिरत्या चाकावरच्या पांढऱ्या खुणा बघायच्या. खुणा थबकलेल्या दिसल्या की वेग बरोबर. नरसिंहराव रोज बघत होते. खुणा खांबासारख्या उभ्या. आपलं टंकलेलं आपल्याच कागदावर उमटवलं तर मोत्यासारखं. तारेतही दोष नव्हता, कारण त्याच तारेवरून गुरुमूर्तीची मोर्सची चावी टकटक करत सगळा तुंबलेला मजकूर सुखरूप पोचवत होती.

यंत्र ठीक, तार ठीक. मग उरलं कोण?

गुरुमूर्ति उरला. चावीवर केस पिकलेला, यंत्र आल्यापासून कोपऱ्यात सरकवलेला. तपकीर ओढून, रावचं तमिळ रायर करून म्हणायचा, "काय रायर, तुमच्या लेकराला आज तरी वाचा फुटली का?"

नरसिंहरावांनी यंत्राच्या झाकणावर, फुलं ओवतात तो केळीच्या सोपटाचा धागा गुपचूप गुंडाळून ठेवला. सकाळी धागा जसाच्या तसा. अक्षरं तशीच फुटकी. तर त्यांना वाटलं, ह्यानं धागा सोडून तसाच पुन्हा गुंडाळला. संशय एकदा घरात शिरला की पुरावा नसणं हाच पुरावा होतो. गुरुमूर्ति शिंकला तरी त्यांना ती खूण वाटे.

उद्या सकाळी तिरुचीचे इंजिनियर येणार होते. यंत्र चाललं नाही तर ते परत नेणार, आणि मागवणाऱ्यालाही बदलीवर रामनाथपुराकडे धाडणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आई गंगाबाई ह्या गावाबाहेर कशी जगेल? तिचं मराठी बोलणारी चार घरं काय ती इथंच.

त्या संध्याकाळी नरसिंहरावांनी नादकाटासुद्धा तारघरात ठेवला नाही. उपरण्यात बांधून घरी आणला.

गंगाबाई दिवा लावून श्रुतिपेटीवर भजनाला बसल्या होत्या. नरसिंहरावांनी सहज काटा गुडघ्यावर मारला.

"हे काय रे?" गंगाबाईंनी पेटीचा भाता थांबवला. "मागें आणलेंस तेव्हां पेटीशीं कसें जुळलें होतें. आज सूर उतरला कीं."

नरसिंहराव जागच्या जागी बसले. पुन्हा मारला. पेटी वर, काटा खाली, मध्ये केसाएवढी फट, आणि त्या फटीत वडिलांचा वर केलेला हात.

काटा दिव्याजवळ धरला. दोन्ही टोकांवर त्यांच्याच बोटांनी थापलेलं चंदन, वर कुंकू, वाळून खडा झालेलं. पूजेचं गंध हत्यारावरून पुसायचं नसतं, आपसूक गळू द्यायचं, म्हणून रोज डोळ्यांसमोर असून कुणी हात लावला नव्हता. टोकं जड, काटा मंद. मंद काट्यानं मोटर लावली ती मंद. जितक्या नेटानं जुळवली तितकी चुकीची.

"आई, पुसूं कां?"

"देवाला सांगून पूस. तो कांहीं तारा वाचीत बसत नाहीं."

सकाळी ओल्या फडक्यानं टोकं पुसून त्यांनी वेग पुन्हा लावला. तिरुचीहून पहिली ओळ आली ती धुतल्या तांदळासारखी. इंजिनियर आले, कागद बघितला, कॉफी प्यायले, गेले.

खोलीत दोघंच उरले. गुरुमूर्तीनं नादकाट्याच्या उघड्या टोकांकडे बघितलं, आणि त्याला जराही नवल वाटलं नाही. तेच नरसिंहरावांच्या डोळ्यांत भरलं.

"गुरुमूर्ति सार, मी तुमच्यावर पाळत ठेवली होती."

"ठाऊक आहे. धागा फार वाईट बांधता तुम्ही."

"आणि हे गंध? तेही ठाऊक होतं?"

गुरुमूर्तीनं तपकिरीची डबी उघडली, न ओढताच मिटली. बोट चावीवर ठेवलं, पण दाबली नाही.

"पूजेच्या दुसऱ्याच दिवशी. तुम्ही काटा वाजवलात तेव्हाच आवाज जड लागला मला. सांगणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "पण त्या दिवशी तुम्ही वाटी घेऊन सगळ्या खोलीत फिरलात, रायर. सायकलीलासुद्धा गंध लावलंत. माझ्या चावीला नाही लावलंत."