गाडीत कोणी मरत नाही

हा नियम सायलीने चांदवडच्या गाडीवर ऐकला, नाशिक रोडच्या गाडीवर ऐकला आणि पेठला आल्यावर डॉ. रविराजांनी तो पुन्हा ऐकवला. गाडीच्या मागच्या पायरीवर बसून पोहे खाता खाता ते म्हणाले, "आपल्या गाडीत कोणी मरत नाही. माणूस घरीच गेलेला असेल, तर हात जोडायचे, घरच्यांना सांगायचं आणि रिकामं परत फिरायचं. मयत आपण उचलत नाही. पण एकदा जिवंत म्हणून आत घेतला, की हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो जिवंतच. छाती दाबत राहायचं. 'गेला' हा शब्द तिथला डॉक्टर म्हणेल, आपण नाही."

"हो सर, माहितीये," सायली म्हणाली. नियम माहीत असणं आणि तो अंगावर येणं यात किती अंतर आहे, ते तिला अजून कळायचं होतं.

सायली नाशिक रोडची. वडील नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला, घर कॉलनीत, आईचा जीव मुलीने एखाद्या लॅबमध्ये पंख्याखाली बसावं म्हणून तळमळत असलेला. पण मुलीने हट्टाने अँब्युलन्सवरच्या तंत्रज्ञाचा कोर्स घेतला होता. कोर्स पुरा करायचा तर गाडीवरच्या ड्यूट्या भरणं भाग होतं. आणि त्या ड्यूट्यांनी तिला आतापर्यंत मरणाशिवाय काही दाखवलं नव्हतं.

चांदवडला तिची पहिलीच केस म्हणजे कांद्याची उलटलेली पिकअप. पोत्यांखाली दोघं जण होते. त्यांना बाहेर काढेपर्यंत हायवेभर घरंगळलेले कांदे लोक पिशव्यांत भरत होते, आणि एक बाई तर सायलीलाच म्हणाली, बाजूला सर गं, पायाखाली माल तुडवतेस. दोघांपैकी एकही वाचला नाही. नाशिक रोडला फलाटावर छातीत कळ येऊन पडलेले एक मास्तर होते. त्यांनी आपला डबा तिच्या हातात दिला आणि "हा सांभाळा, स्टीलचा आहे" म्हणाले. हॉस्पिटलच्या दारातच त्यांचे डोळे फिरले. डबा तिने त्यांच्या सुनेला नेऊन दिला. आत भाजी-पोळी होती, अजून कोमट. त्या रात्री ती जेवली नाही आणि का जेवत नाहीस ते आईला सांगितलंही नाही.

ती पेठला पोहोचण्याआधी तिची कीर्ती तिथे पोहोचली होती. गाडी चालवणाऱ्याला या कामात पायलट म्हणतात. मान विमानाचा, रस्ते पेठ-सुरगाण्याचे. तर या पायलट मंडळींचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता आणि पेठचा पायलट दिनेश त्यात पक्का मुरलेला. सायली चढली की तो आरशाला टांगलेल्या लिंबू-मिरचीला हात लावून घ्यायचा.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणायचा, "पण तुमचा पायगुण काय बरा नाही म्हणतात."

"मस्करी पुरे, दिनेश," डॉक्टर म्हणायचे, पण तेही हसायचे. सायलीही हसायची. आतून मात्र ते तिला कुरतडत होतं. एक माणूस, फक्त एक माणूस आपल्या हातून जगावा, एवढंच तिला हवं होतं. हे मागणं काही वाईट नव्हतं. पण हवरेपणा चांगल्या गोष्टीचा असला तरी तो हवरेपणाच, आणि हवऱ्याचे हात आधी धावतात, डोळे मागून येतात.

जानेवारीतली सकाळ होती. करंजाळीच्या अलीकडच्या एका पाड्यावरून आशा कार्यकर्ती लताबाईंचा फोन आला. बहिरूबाबा म्हणून म्हातारे, जुन्या दम्याने बेजार, सकाळपासून नीट श्वास घेत नाहीत. गाडी रस्त्यावर थांबली. पाडा खाली उतारावर होता आणि तिथवर पायवाटच होती. डॉक्टरांचा गुडघा दुखरा. ते मॉनिटरचं जड खोकं सावरत हळूहळू उतरू लागले. सायलीने बॅग पाठीला मारली आणि ती धावत सुटली. दगड, काटक्या, कापलेल्या भाताची बोचरी खुंटं, काही न बघता ती धावली.

घरात सगळं शांत होतं. सारवलेल्या जमिनीवर घोंगडी अंथरून बहिरूबाबांना खाटेवरून खाली घेतलं होतं. ओठांच्या कडेला पाण्याचा ओघळ होता. त्यांची बायको कुसाबाई हिने नुकतंच पाणी पाजलं होतं, शेवटचं. दिवाळीत हॉस्पिटलातून परत आले तेव्हाच म्हातारबाबांनी सांगून ठेवलं होतं, आता मला इथून हलवायचं नाय, माझ्या घरात मरू द्या. कुसाबाईने तेवढा शब्द पाळला होता. बाया भिंतीशी बसल्या होत्या आणि रडणं अजून कुणाच्या घशाबाहेर पडलं नव्हतं. फोन करणाऱ्या लताबाईसुद्धा दारात ओशाळून उभ्या होत्या. उशीर झाला, ताई, असं त्या म्हणतच होत्या.

सायलीने ते ऐकलं नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन बोटं बाबांच्या मानेवर रुतवली. आणि तिला लागली. ठक, ठक, ठक. भरभर, पण स्पष्ट.

"नाडी आहे!" ती ओरडली. "जिवंत आहेत! उचला, लवकर उचला!"

कुसाबाईने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं सायली जन्मात विसरणार नाही. "जिता हाय?" म्हातारीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नवऱ्याच्या गालावरून हात फिरवला. "आरं, जिता हाय! मी पानी पाजून बसले, आन हा जिता हाय!"

मग काय विचारता. चार पोरांनी घोंगडीची झोळी केली आणि चढण चढायला घेतली. अर्ध्या वाटेत डॉक्टर भेटले. त्यांनी चालत्या झोळीत हात घालून मान चाचपली, पण ढकलाढकलीत कुणाला काय लागणार! "नक्की लागली?" त्यांनी विचारलं. "हो सर, नक्की!" सायली म्हणाली. डॉक्टरांनी कंट्रोल रूमला फोन लावला आणि कळवलं, पेशंट जिवंत आहे, नाशिकला घेऊन निघतोय.

दार बंद झालं. बाबा स्ट्रेचरवर, पायाशी कुसाबाई, गाडी घाटाच्या दिशेने. डॉक्टरांनी छातीला मॉनिटरच्या तारा लावल्या. पडद्यावर एक सरळ रेघ आली आणि सरळच राहिली. त्यांनी तारा पुन्हा दाबून पाहिल्या, टॉर्च मारून डोळे पाहिले, जबडा हलवून पाहिला. मग त्यांनी सायलीचं मनगट धरलं आणि दोन बोटं टेकवली.

"धावत उतरली होतीस ना?" ते हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा तिला कळलं. दम लागलेल्या माणसाच्या बोटांच्या टोकांत त्याचीच नाडी उडत असते, हे वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. तिने बाबांच्या मानेवर मोजली ती स्वतःची नाडी होती. म्हातारा आपल्या घरात, आपल्या घोंगडीवर, बायकोच्या हातचं पाणी पिऊन केव्हाच गेला होता.

"सर, परत फिरू या," ती कुजबुजली.

"आणि काय सांगू? पाड्यावर जिवंत म्हणून नेला, वाटेत मारला म्हणतील. मागच्या वर्षी एका पायलटचं डोकं फुटलंय." पायाशी बसलेल्या कुसाबाईला ऐकू जाऊ नये म्हणून डॉक्टर सायलीच्या कानाशी बोलत होते. ते वाईट नव्हते, थकलेले होते. "कंट्रोलला जिवंत सांगितलंय, सायली. आता तो जिवंत आहे. दाब."

तिने दाबायला सुरुवात केली. सावळ घाटाच्या वळणांवर तोल जाऊ नये म्हणून एक पाय स्ट्रेचरच्या नळीला अडकवून ती दाबत राहिली. पहिल्या वळणालाच बरगडी मोडली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि तो तिघांनीही ऐकला.

"काय मोडलं गं?" कुसाबाईने विचारलं. म्हातारी नवऱ्याचे तळपाय चोळत होती. "गार पडलेत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "हळू गं पोरी. दुखत असंल त्याला."

सायलीला हुंदका आवरला नाही, पण तिने हात थांबवले नाहीत. तिला वाटलं, आपण याला दुसऱ्यांदा मारतोय, आणि तेही याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत.

हॉस्पिटलच्या डॉक्टरने मिनिटभर पाहिलं आणि कागदावर लिहिलं, दाखल करण्यापूर्वीच मयत. आता मयत वाटेतला, म्हणजे पोलीस आले, पंचनामा आला, शवविच्छेदन आलं. कुसाबाईला एवढंच समजलं की आपल्या माणसाला कापणार आहेत. "नका हो साहेब," ती प्रत्येक पांढऱ्या कोटाला म्हणत होती, वॉर्डबॉयलाही म्हणत होती, "म्हातारा हाय, दमा व्हता त्याला, समद्यांना ठावं हाय. नका कापू." कुणी तिला उर्मटपणे बोललं नाही. कुणी ऐकलंही नाही. मुलगा लखन दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला गेला होता. तो तसाच धावत आला, हातावर औषधाचे निळसर डाग घेऊन, आणि आईशेजारी उकिडवा बसला. बाबांना कापलं, शिवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाड्यावर नेलं.

पण त्याआधी, व्हरांड्यात, कुसाबाईने सायलीचा हात धरून तिला बाजूला घेतलं.

"पोरी, एक सांग. तू हात ठेवून व्हतीस, तुला ठावं असंल. कुठं गेला तो? कोन्त्या वळनाला?"

"का, आजी?"

"आमच्यात माणूस बाहेर गेला, का जिथं गेला तिथं तांदूळ घेऊन जायचं, आन त्याला हाक मारून घरी आनायचा. न्हायतर जीव तिथंच फिरत ऱ्हातो. तो घरी येईस्तोवर घरात दिवा नाय लावायचा, त्याचं ताट नाय वाढायचं. म्हून इचारते."

सायलीच्या तोंडाशी खरं आलं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हातारीच्या मागे शवागाराचं दार होतं, आणि ते उघडून आतून एक माणूस हातमोजे काढत बाहेर येत होता. आता खरं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की हे सगळं फुकट झालं. तिचं धैर्य खचलं.

"सावळ घाटात," ती म्हणाली. "मारुतीची देवळी आहे ना, त्या वळणावर."

कुसाबाईने तिच्या गालाला हात लावला. "तुझं भलं व्हईल. तू व्हतीस म्हून तिथवर तरी माझ्यासंगं आला."

त्यानंतरच्या ड्यूट्यांवर सायली घाट आला की डोळे मिटून बसायची. दिनेशने पायगुणाचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट एकदा स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याने तिच्यापुढे सरकवली.

आणि मग एके दिवशी, नाशिकला पेशंट सोडून गाडी रिकामी परतत असताना, मारुतीच्या वळणावर दिनेशने ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला कुसाबाई उभी होती. पदरात तांदूळ. ती दाणे दरीच्या बाजूला टाकत होती आणि पुढे झुकून हाक मारत होती, "लखनच्या बापा, चल! चल घरी!" शेजारी लखन "बाबा, चला" म्हणत होता. हाक मारून दोघं थांबायची, कान द्यायची, पुन्हा हाक मारायची.

"गाडी थांबव," सायली म्हणाली. "सर, मला उतरू द्या."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. नको म्हणाले नाहीत.

ती जाऊन म्हातारीसमोर उभी राहिली आणि तिने सांगून टाकलं, एका दमात, खालमानेने. "आजी, बाबा इथं गेले नाहीत. घरीच गेले होते. तुम्ही पाणी पाजलंत, तेव्हाच. मला लागली ती माझीच नाडी होती. मी धावत आले होते. मी चुकले, आणि नंतर खोटं बोलले."

वाऱ्याने पदरातले दोन दाणे उडाले. लखनला आधी समजलं. तो एक पाऊल पुढे आला. "मंग त्याला कापला कशाला?" तो म्हणाला. "सांग ना. कशाला कापला?"

त्याने हात उगारला असता तरी सायली जागची हलली नसती.

कुसाबाईने मात्र त्याचं काही ऐकलंच नसावं. ती त्या वळणाकडे, त्या रिकाम्या दरीकडे बघत होती. "म्हंजे तो घरातच हाय?" तिने विचारलं.

"हो आजी."

म्हातारीने पदर घाईघाईने गोळा केला, तांदूळ सांडू न देता कमरेला खोचला. डॉक्टर खाली उतरले होते. नियम-बियम बाजूला ठेवून त्यांनी मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "या आजी, सोडतो घरापर्यंत." कुसाबाईने आत पाहिलं. स्ट्रेचर तिथेच होतं, वर धुतलेली चादर. तिने नको म्हणून मान हलवली आणि ती रस्त्याच्या कडेने चालायला लागली, जवळजवळ धावायला लागली, तिच्या वयाला न शोभेल अशी.

"चल रं लखन, पाय उचल," ती मागे न बघता म्हणत होती. "दिवा नाय लावला आपन. ताट नाय वाढलं. इतके दिस घरात बसलाय तो, अंधारात, उपाशी."