ओगिरिसीच्या बारा मेढी

ओसुजीनं कुणाला काही फुकट दिल्याचं गावात उदाहरण नव्हतं. तो वाटसरूला रस्ता सांगायचा तोसुद्धा निम्माच. त्यामुळे एप्रिलमधल्या एका सकाळी तो खांद्यावर ओगिरिसीच्या झाडाच्या सात हिरव्या मेढी घेऊन ओयिदियाच्या परसात उभा राहिला आणि "वहिनी, मांडवाला घ्या" म्हणाला, तेव्हाच तिनं सावध व्हायला हवं होतं. पण तिला मेढींची गरज होती, आणि गरजवंताला अक्कल नसते.

मांडव उगूच्या वेलांसाठी होता. उगूचा पाला रोजच्या कालवणाचा, आणि मादी वेलांना पुढं चार-चार किलोची फळं धरतात, त्यांच्यातल्या बिया पुढच्या वर्षाच्या लागवडीला. एवढं वजन पेलायला मांडव खंबीर लागतो. मागच्या वर्षी ओयिदियानं बांबूचा घातला होता. वाळवीनं तो आतून खाल्ला आणि बाहेरून तसाच ठेवला. मग एके दिवशी ती खाली पाला खुडत असताना सगळा मांडव, वेल, फळं आणि एक सरडा असं तिच्या अंगावर आलं. शेजारची म्हातारी उगबोमा आवाज ऐकून धावत आली आणि आधी फळं मोजायला लागली.

"ओगिरिसीचं लाकूड वाळवी खात नाही," ओसुजी म्हणाला.

"ते ठाऊक आहे, भावजी. पण ती फुटते. ओली मेढ रोवली की महिन्यात झाड."

"उलटी रोवली की नाही फुटत. बुडखा वर, शेंडा खाली. तुम्ही बाजारला जा, मी रोवून ठेवतो."

उलट्या मेढीला पालवी येत नाही हे त्या भागात सगळेच मानतात, ओयिदियाही मानायची. ती निर्धास्तपणे बाजारला गेली. परत आली तेव्हा सातही मेढी एका रेषेत, दोरी लावल्यासारख्या उभ्या होत्या. दुसऱ्या बाजूला तिनं घरातले जुने बांबू लावले, आडव्या काठ्या काथ्यानं आवळून बांधल्या, खाली आळी करून बिया टोचल्या. ओसुजी काथ्याच्या गाठीसुद्धा मारू लागला. इतका चांगला माणूस आपल्याला तीस वर्षं कळला नाही, याचं तिला वाईट वाटलं.

मे महिन्यात सातही मेढींना पालवी फुटली.

"अहो भावजी, या तर फुटल्या."

"उलट्याच लावल्या होत्या," ओसुजी गंभीरपणे म्हणाला. "लाकडाची जात हट्टी. असू दे, मांडवच तर आहे. सावली होईल."

पुढचे काही दिवस तो सकाळी उठून त्या मेढींना पाणी घालताना दिसायला लागला. पावसाळा सुरू होता. पावसात उभं राहून तो पाणी घालायचा.

ओयिदियाचा नवरा अनोझी तीन वर्षांपूर्वी गेला. दोन मुली, एक ओवेरी शहरात दिलेली, एक आबा शहरात. मुलगा नाही. भाऊबंद त्या घराला आणि परसाला अजून 'अनोझीची जागा' म्हणत, आणि अनोझी तर जमिनीखाली होता. म्हणजे जागा हल्ली कुणाचीच नव्हती. जी जागा कुणाची नसते ती हळूहळू धाकट्या दिराची होते, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं डोळ्यांसमोर दोन बायकांची जागा तशी झालेली पाहिली होती. एक आता मुलीकडे राहून नातवंडं सांभाळत होती आणि दुसरीचं नाव कुणी काढत नव्हतं. ओयिदियाला मुलींकडे राहायचं नव्हतं. तिला स्वतःच्या वाफ्यातली भेंडी हवी होती, स्वतःच्या चुलीवर.

दोघा भावांमधे हद्द अशी कधी घातलीच नव्हती. मधून पाण्याची एक चर जायची. चरीच्या अलीकडे अनोझी, पलीकडे ओसुजी, असं सासऱ्यांनी पायाच्या अंगठ्यानं दाखवलं होतं. सासरे गेले, त्यांच्याबरोबर अंगठाही गेला. चर दर पावसात बुजायची आणि ओयिदिया दर वर्षी ती उकरून काढायची. ओसुजीनं ती कधी उकरली नाही.

जूनमध्ये मांडव आणि चर यांच्यामधल्या बारा पावलांच्या पट्ट्यात, तिच्या भेंडीच्या वाफ्याशेजारी, ओसुजीची शेळी बांधलेली आढळली. ओयिदियानं ती सोडून त्याच्या दारात नेऊन बांधली. दुसऱ्या दिवशी शेळी परत तिथंच. तिसऱ्या दिवशी उगबोमा पाला मागायला आली. ती मांडवाकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का गं, तुझ्या जागेची वाटणी कधी झाली? वाटणीला फोडतात त्या कोलाच्या बीचा मला तुकडासुद्धा मिळाला नाही."

"कसली वाटणी?"

"मग ही ओगिरिसी रांगेत काय करतेय?"

"मांडव आहे तो, आई."

"आज मांडव आहे. वेल उद्या वाळून जातील. मग उरेल काय? सरळ रेषेत सात जिवंत ओगिरिसी. त्याला आपल्यात काय म्हणतात ते मी तुला सांगू, की तुझा दीर सांगेल?"

हातातला पाला ओयिदियानं खाली ठेवला. लहान पोरालाही जे माहीत असतं ते तिला दोन महिने दिसलं नव्हतं. गावात जमिनीचे कागद वाळवी खाते, साक्षीदार मरतात, म्हणून हद्दीवर ओगिरिसी लावतात. ओगिरिसी खोटं बोलत नाही. जिथं तिची रांग, तिथं हद्द. आणि जिवंत ओगिरिसी उपटणं म्हणजे भूमातेच्या अंगाला हात लावणं. उपटणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही, मग तो खरा का असेना.

"कुंपणानंच शेत खाल्लं गं बाई," उगबोमा म्हणाली. "आणि तू वर त्याला काथ्यानं बांधलंस."

"उलट्या लावल्या म्हणाला होता."

"तू बघितल्यास?"

"मी बाजारला गेले होते."

उगबोमानं पाल्याची जुडी काखेत मारली. "नव्या सुरणाचा सण झाला की भाऊबंदांची बैठक बोलावलीय त्यानं. 'हद्दीचं एकदा नक्की करू' म्हणून. तुला कळवलं असेलच."

तिला कुणी कळवलं नव्हतं.

त्या दिवशी ओयिदियानं आधी मनसोक्त शिव्या दिल्या. ओसुजीला, त्याच्या शेळीला, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. मग तिनं चूल पेटवली आणि विचार करायला बसली. भांडावं, तर तो म्हणणार, मांडवच तर आहे. मेढी उपटाव्यात, तर गुन्हेगार ती. बैठकीत बोलावं, तर बायकांना तिथं विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि विचारतं कोण. दगडाखाली हात अडकला होता. खूप वेळानं तिच्या ध्यानात आलं की आपला मांडव तसा लहानच आहे.

ओसुजी त्या आठवड्यात सासुरवाडीला, एका म्हाताऱ्याला पुरल्यानंतरच्या जेवणांना गेला होता. चार दिवस जेवणं चालणार म्हणजे तो चार दिवस येणार नाही, याची खात्री होती. ओयिदिया चर ओलांडून जावेकडे गेली. इहुओमा स्वयंपाकघराच्या दारात कसावा किसत बसली होती.

"इहुओमा, उगूचे वेल फार माजलेत. मांडव पुरत नाही. म्हटलं, इकडंच वळवावा. तुझ्या स्वयंपाकघराच्या मागून आणते. हात बाहेर काढलास की पाला."

इहुओमानं किसणी थांबवली. लग्न झाल्यापासून ती पाला विकत आणत होती, कारण उगू लावायला जागा नाही असं ओसुजी सांगायचा.

"आणि फळं, जाऊबाई?"

"तुझ्या बाजूला लोंबतील ती तुझी."

"मेढी आहेत का?"

"तुमच्या कुंपणातल्या ओगिरिसीच्या पाच तोडाव्या म्हणते. भावजींनी मागं सात आपणहून दिल्या होत्या."

"आपणहून?" इहुओमा म्हणाली. तिनं नवऱ्याचा थोडा वेळ विचार केला आणि तो सोडून दिला. "थांबा, कोयता आणते."

दोघींनी मिळून पाच मेढी रोवल्या. इहुओमानं धरायच्या आणि ओयिदियानं ठोकायच्या. या वेळी ओयिदिया बाजारला गेली नाही. प्रत्येक मेढीचा शेंडा वर आहे हे तिनं दोनदा बघितलं. सातव्या मेढीपासून रांग वळली, चर ओलांडून गेली, ओसुजीच्या आवारातून तिरपी निघाली आणि त्याचं स्वयंपाकघर, शेळ्यांचा गोठा आणि तेलाचं सगळ्यात चांगलं ताडाचं झाड यांना मागून वळसा घालून रस्त्याच्या कडेला थांबली.

ओसुजी परत आला तेव्हा त्याचं पोट भरलेलं होतं. मेढींची रांग बघून त्याला जे काही झालं ते त्यानं तोंडावर येऊ दिलं नाही. तो चरीपाशी आला.

"वहिनी, हे काय?"

"मांडवच तर आहे, भावजी."

"पण माझ्या आवारात..."

"सावली होईल."

मेढी अजून नुसत्या काठ्याच होत्या, उपटल्या असत्या तर पाप लागलं नसतं. रात्रीच्या जेवणाआधी त्यानं एकीला हात घातलाही. तेवढ्यात इहुओमा भाताचा डाव घेऊन बाहेर आली.

"हात काढा. बारा वर्षांत पहिल्यांदा मला दारात पाला मिळणार आहे. तुमच्या पोटात का दुखतंय?"

पोटात का दुखतंय हे बायकोला सांगायचं, तर पहिल्या सात मेढींचं सांगावं लागलं असतं. इहुओमाच्या पोटात काही राहत नाही हे तो जाणून होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्यानं तीन आठवडे खाल्ला. जुलैच्या मध्याला पाचही मेढी फुटल्या. पाऊस उत्तम होता.

बैठक त्याला आता नको होती. पण बोलावलेली बैठक मोडायची तर कारण द्यावं लागतं, आणि भाऊबंदांनी ताडीचा वास आधीच घेतला होता. सण झाल्यावर तिसऱ्या दिवशी सतरा पुरुष आले. वाडवडिलांच्या नावानं कोला फोडला, खाल्ला. मग सगळ्यात थोरले इवुआला बाबा काठी टेकत उठले.

"ओगिरिसी कुठंय ते दाखवा."

ते पहिल्या मेढीपासून चालायला लागले. मागून बाकीचे पुरुष, त्यांच्या मागं बायका. बाबांनी प्रत्येक झाडाला हात लावून पानं चाचपली. सात झाली. ओसुजी म्हणाला, "बस, बाबा, इतकंच."

"पुढं आहेत की," बाबा म्हणाले आणि वळले. चर ओलांडली. आठ, नऊ, दहा. स्वयंपाकघराच्या मागं त्यांचा पाय शेळीच्या दोरीत अडकला, तो त्यांनी सोडवून घेतला. अकरा. बाराव्या झाडापाशी ते थांबले, मागं वळून त्यांनी सगळी रांग एकदा डोळ्यांखालून घातली.

"ओसुजी, तुझं स्वयंपाकघर अनोझीच्या बाजूला का बांधलंस?"

एक जण खोकला.

"बाबा, ही हद्द नाही."

"ओगिरिसी आहे. जिवंत आहे. रांगेत आहे."

"मांडव आहे तो. उगूचा मांडव." ओसुजीनं एक वेल उचलून दाखवला. "फळं लोंबतायत, बघा ना."

"सगळाच मांडव? की तुझ्या आवारातला तेवढा मांडव आणि तिकडची हद्द?"

ओसुजीनं इहुओमाकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती, आणि बारापैकी सातांचा हिशेब तिला आत्ता उमगत होता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"सगळाच मांडव," तो म्हणाला.

"मग हद्द कुठं?"

"चरीला."

"चरीच्या तिकडं कुणाची जागा?"

"अनोझीची."

"अनोझीला मी स्वतः मातीत ठेवलं," बाबा म्हणाले. "तो भेंडी लावत नाही. कुणाची?"

ताडीचं मडकं घेऊन उभा असलेला माणूससुद्धा ओतायचा थांबला.

"वहिनींची," ओसुजी म्हणाला.

"तिला नाव आहे. या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"ओयिदियाची. चरीच्या तिकडची जागा ओयिदियाची."

तीन वर्षांत हे कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. ओयिदियाला इतका आनंद झाला की तिला काय करावं ते कळेना, म्हणून ती लुगड्याची गाठ सोडून परत बांधत राहिली.

बाबांनी निकाल दिला. जिवंत ओगिरिसी हलवायची तर सगळ्या भाऊबंदांसमोर, जिनं-ज्यानं लावली त्यांच्याच हातानं, आणि त्याच दिवशी दुसरीकडे रोवायची, म्हणजे भूमाता रागावत नाही. बाराही मेढी उपटून चरीच्या काठानं लावायच्या. मग कायमची हद्द.

"फळं कोवळी आहेत, बाबा," ओसुजी पटकन म्हणाला. "आत्ता मांडव काढला तर सगळं बियाणं वाया जाईल. वहिनींचंच नुकसान. दोन महिने थांबू. फळं पिकली की मी स्वतः काढतो."

पुरुषांनी माना डोलावल्या. बोलणं शहाणपणाचं होतं. बाबांनी ओयिदियाकडे बघून तिला विचारलं, "काय गं?"

ओयिदियानं मांडवाकडे बघितलं. एकोणीस फळं होती. रोज सकाळी ती त्यांना हात लावून बघायची. दोन महिन्यांनी ती पिकली असती, आणि दोन महिन्यांत या सतरा जणांतल्या निम्म्यांना आपण काय ऐकलं ते आठवलं नसतं, आणि इवुआला बाबा नव्वदीचे होते.

"आजच," ती म्हणाली.

"बियाणं?"

"बियाणं विकत मिळतं."

तिनं इहुओमाच्या हातून कोयता घेतला आणि वेल बुडातून कापायला सुरुवात केली. एकेक फळ खाली आलं. मग ओसुजीनं कुदळ आणली, आणि सतरा माणसांच्या देखत चरीच्या काठावर पहिला खड्डा खणला. ओयिदिया त्याच्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, "अजून खोल, भावजी. ही माझी हद्द आहे."