मेलेल्या मालकांची सही

शिक्केकाकांच्या टेबलाला एक कुलूपबंद कप्पा होता. कारखान्याचे सगळे शिक्के त्यात आणि शिक्क्यांच्या खाली कंपनीचं नाव छापलेल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा. प्रत्येक कागदावर तळाशी मोठ्या मालकांची सही! मालक बाहेरगावी जाताना पन्नास-पन्नास कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवत, कुणाचं काम अडायला नको म्हणून. अशी ‘सोय’ तुमच्याही कचेरीत असेल, तर पुढचं नीट वाचा.

सोमवारी सकाळी वेल्डिंग खात्यातली ठिणगी दार ढकलून आत आली. तोंडानं फटकळ, म्हणून हे नाव. तिनं एक पत्र टेबलावर आपटलं.

“वाचा!”

परदेशातल्या जहाजं बांधणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली होती, पण व्हिसा नाकारला गेला होता. नऊ वर्षांच्या अनुभवाचा दाखला बनावट ठरला होता. सही करणारा माणूस दाखल्यावरच्या तारखेच्या सव्वीस दिवस आधीच वारला होता! आता दहा वर्षं प्रवेशबंदी. फेरविचाराच्या अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत.

शिक्केकाकांची पाचावर धारण बसली. मालक गेल्यावर त्यांची लेक कारभार बघू लागली होती. तिच्या सहीसाठी ताटकळायला नको, म्हणून काकांनीच उरलेल्या गठ्ठ्यातला कागद ओढून दाखला टाइप केला होता. पण तोंडातून भलतंच निघालं.

“मला काय माहीत? आणला असशील कुठून तरी बनवून.”

“चोराच्या उलट्या बोंबा! इथंच उभी राहून तुमच्या हातून घेतलाय मी तो. काल नवरा विचारतो, ‘खरं सांग, कुणाकडून केलास?’ नऊ वर्षं डोळे जाळले, आणि घरात मीच खोटारडी!”

“आवाज खाली! नाहीतर तुझी हजेरीसुद्धा सापडायची नाही.”

गोदाम सांभाळणाऱ्या मावशी पावतीवर शिक्का मारून घ्यायला दारात उभ्या होत्या. त्यांनी पावती घडी करून खिशात घातली.

“काका, सोय तुमची आणि बट्टा हिच्या नावाला?”

“तुम्ही मध्ये पडू नका. तीस वर्षं असंच चाललंय. कुणाचं वाकडं झालं का?”

“तीस वर्षं कुणी तपासलं नाही, एवढंच. दाखल्यातलं अक्षर न् अक्षर खरं, पण कागद खोटा. तिकडच्या साहेबाला हिचं काम कुठं दिसतं? कागद दिसतो. आणि त्यानं बरोबर पकडलं! चूक त्याची नाही, हिची नाही. मग उरलं कोण?”

“माझी नोकरी जाईल! निवृत्तीला चौदा महिने राहिलेत.”

“हिची दहा वर्षं जातायत!”

ठिणगीनं बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग. “कामावर लागले त्याच आठवड्यातला हा. अपघाताच्या वहीत नोंद कुणी केली होती, काका? तीही हरवणार?”

काकांनीच केली होती. दवाखान्यातही त्यांनीच नेलं होतं. तेव्हा ही पोर कळवळत होती, तरी कामावरून काढू नका म्हणून हात जोडत होती. काकांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी कप्पा उघडला, गठ्ठा उचलला आणि मालकीणबाईंसमोर नेऊन ठेवला.

“चूक माझी आहे. मला तसं लिहून द्यायचंय.”

मालकीणबाई वडिलांच्या सहीकडे बघत राहिल्या. “बाबा जाऊन चार महिने झाले. आणि तुम्ही अजून त्यांच्याकडून सह्या घेताय?”

बाईंनी एकेका कागदावर आडवी रेघ मारली. काकांचा कबुलीजबाब, नव्या सहीचा दाखला, नऊ वर्षांची हजेरी आणि अपघाताच्या वहीतलं ते पान, सगळं गुरुवारी रवाना झालं. काकांकडून शिक्के काढून घेतले आणि त्यांची बदली मावशींच्या हाताखाली झाली.

सहा आठवड्यांनी बंदी उठली, व्हिसा मिळाला. निघण्याआधी ठिणगी गोदामात आली. काका पुटपुटले, “बरं झालं गं.”

“उपकार नाही केलेत. मला खोटारडी म्हणालात, ते मी विसरणार नाही.”

“विसरू नकोस,” काका म्हणाले. “मीही नाही विसरणार.”

मंडळी, सोयीसाठी केलेला खोटा कागद कधी ना कधी कुणाच्या तरी खऱ्या कष्टांवर उलटतो. उलटला, तर ज्यानं केला त्यानं पुढं यावं. पण त्याआधी, उद्या कचेरीत गेलात की आपला कप्पा एकदा उघडून बघा!