एकाच मापाची कात्री

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी जरा चिडकी आहे. मी बिडीची पानं कापणारी जुनी कात्री आहे, आणि गेली दोन वर्षं माझ्या पात्यांना सतत गोंद लागलेला असतो. तुमच्या तोंडाला कुणी रोज गोंद फासला असता, तर तुम्हीही फार गोड बोलला नसता.

निपाणीतल्या एका लोहाराने मला घडवलं. ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा तापवून, ठोकून त्याने माझी दोन पाती केली, मध्ये खिळा मारला, मागे दोन कड्या वळवल्या आणि आठवड्याच्या बाजारात मला पोत्यावर मांडलं. तिथून मला अंबुबाईने उचललं. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली पोर होती. माझ्या कड्यांना तिने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, बोटांना घट्टे पडू नयेत म्हणून. घट्टे पडायचे ते पडलेच.

मग आमचं काम सुरू झालं. सकाळी ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं काढायची, पानावर पत्र्याचं माप ठेवायचं आणि त्याच्या कडेने मला फिरवायचं. लांबट चौकोन निघाला की तो सुपात. उरलेलं टोक, कड, शीर, सगळं खाली. मग त्या चौकोनात तंबाखू भरून ती बिडी वळायची, दोऱ्याने बांधायची. काही वर्षांनी ते पत्र्याचं माप कुठेतरी हरवलं आणि ते आमच्या लक्षातही आलं नाही, इतका तो चौकोन तिच्या हातात बसला होता.

आमच्या गल्लीत भुताला कुणी भीत नसे. भीत असत ते छाटीला. कारखान्यात बिड्या तपासायला एक माणूस बसायचा. एखादी बिडी जाड, एखादी तिरकी, एखादीचं पान कमीजास्त, असं दिसलं की तो ती बाजूला फेकायचा. ती छाट. तिची मजुरी नाही आणि वर चारचौघींसमोर बोलणी. अंबुबाईची छाट कधीच निघत नसे. बाया म्हणायच्या, "अंबुबाईची कात्री लई गुणाची हाय." मित्रांनो, खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी फुगायची.

ह्या कामावर तिचा मुलगा भीमरत्न शिकला आणि चिकोडीच्या हायस्कुलात मास्तर झाला. पहिला पगार झाला त्या दिवसापासून तो आईला सांगतो आहे, "आई, बास कर आता." ती हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घेते. आता बिड्या थोड्याच वळते, पण वळते. हात रिकामा राहिला की तिला करमत नाही. इथपर्यंत माझंही बरं चाललं होतं.

मग भीमरत्नची मुलगी करिष्मा बेळगावच्या कला महाविद्यालयात जायला लागली, आणि माझे हाल सुरू झाले. ती मिक्स मीडिया नावाचा प्रकार शिकते. म्हणजे काय, तर एकाच चित्रात रंग, कापड, कागद, तार, वाळू, हाताला लागेल ते सगळं घालायचं आणि चिकटवायचं. ह्या सगळ्याला कापायला कोण, तर मी. औषधाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी कापली मी. पुठ्ठा कापला, सायकलची ट्यूब कापली. एकदा तर तिने माझ्याकडून सँडपेपर कापून घेतला. ज्या पात्यांनी ओलं पान लोण्यासारखं कापलं, त्या पात्यांनी सँडपेपर. वर धुणं नाही, पुसणं नाही, तेलाचा एक थेंब नाही. गोंद वाळला की कडाकडा उघडायची नि पुन्हा पुठ्ठा पुढ्यात धरायची.

आणि इतकं करून चित्र काय व्हायचं? काही नाही. वर्षाच्या शेवटी कॉलेजात प्रदर्शन भरतं. तिथल्या भिंतीवर आपलं एक तरी चित्र लागावं, एवढंच करिष्माला हवं होतं. दोन वर्षं तिचं एकही लागलं नव्हतं. बाकीच्या मुलींचे आईबाप चित्रापुढे उभे राहून फोटो काढत, आणि ही खुर्च्या लावत फिरायची. घरी आली की रडायची नाही, फक्त मला जोरात टेबलावर आपटायची. तिला सुचत नव्हतं आणि सोसत होते मी.

सुचावं म्हणून तिने काय नाही केलं. फोनवर तासन्तास दुसऱ्यांची चित्रं बघितली. मैत्रिणींबरोबर कणकुंबीच्या जंगलात जाऊन पिशवीभर साली, शेवाळं, वाळकी फळं घेऊन आली आणि ती चिकटवून एक मोठं चित्र केलं. तिच्या सुनयना मॅडमनी ते पाहून एवढंच विचारलं, "असलं मी फोनवर खूप पाहिलंय गं. यात तुझं काय आहे?" त्या दिवशी घरी येऊन तिने ते चित्र फाडलं. माझ्याकडूनच.

मग एका दुपारी ती उंबऱ्यावर बसली होती, हनुवटी गुडघ्यावर टेकून. अंबुबाईने काम आवरलं आणि ती झाडू घेऊन खालची कात्रणं गोळा करायला लागली. बंबात घालायला ती रोज नेते. पानांची टोकं, चंद्रकोरीसारख्या कडा, शिरांच्या बारीक जाळ्या, तपकिरी, हिरवट, कुठे तांबूस डाग. करिष्मा बघत राहिली. मग म्हणाली, "आज्जी, थांब की जरा."

"का गं? साप हाय का काय?"

"न्हाई गं. ही जाळू नको. मला दे."

"कचरा हाय त्यो, पोरी."

मित्रांनो, तेव्हा मला तिची दया आली नाही, राग आला. ही कात्रणं मी जन्मभर पाडत आले. चौकोन सगळ्यांनी मोजून नेले, त्याच्या भोवतीचं कुणी एकदाही हातात घेऊन पाहिलं नाही, मीसुद्धा नाही. आणि ही पोर असलंच काही शोधायला कणकुंबीपर्यंत जाऊन आली होती.

पण तिने काम मात्र झकास केलं, ते कबूल केलं पाहिजे. एका मोठ्या फळीवर तिने वरून दिसणारी बाईची मांडी केली. मांडीला अंबुबाईचं फाटकं लुगडं, तिच्यावर दोऱ्याने विणलेलं सूप, आणि सुपातून चारी बाजूंना उधळलेली कात्रणं. ती तिने अर्धीच चिकटवली होती. टोकं मोकळी, उभी, काही तर फळीच्या कडेच्या बाहेर वीतभर गेलेली. दारातून वारा आला की सगळं चित्र हलायचं. भीमरत्न संध्याकाळी घरी आला आणि चित्रापुढे थबकला. "या घरातनं बिडीचा वास जावा म्हणून मी शिकलो," तो म्हणाला, "आणि तू ते भिंतीला लावणार?"  पण करिष्माने फोटो काढून मॅडमना पाठवला होता आणि मॅडमचा निरोप आला होता, की शुक्रवारी दुपारपर्यंत घेऊन ये, दाराजवळची भिंत तुझ्यासाठी ठेवते.

गुरुवारी दुपारी करिष्मा वॉर्निश आणायला बाजारात गेली. घरात अंबुबाई एकटी. ती चित्रापुढे बसली. खूप वेळ बसली. मग तिने मला उचललं.

मला वाटलं, पानं कापायला घेतेय. पण तिने फळीच्या कडेला बाहेर आलेलं एक टोक दोन बोटांत धरलं, जिभेने चुक् केलं आणि माझ्या पात्यात दिलं. गेलं ते. मग दुसरं. मग सुपातली उभी टोकं. तिचा हात काय चपळ हो, अजूनही. मला तोंड आहे, पण ते फक्त कापायला. थांब म्हणायला नाही. त्या दुपारी मला माझ्या धारेचा जेवढा संताप आला, तेवढा गोंदाचाही कधी आला नव्हता. करिष्मा परत येईपर्यंत सगळी फळी नीट, साफ, कडेला कड लावून झाली होती, आणि एकूण एक कात्रण लांबट चौकोन झालं होतं.

करिष्माच्या हातातला वॉर्निशचा डबा तसाच राहिला.

"आज्जी. हे काय केलंस?"

"वाकडंतिकडं लई झाल्तं, बाळा," अंबुबाई म्हणाली. चेहऱ्यावर केवढं समाधान. "असं दिलं असतंस तर छाट काढली असती त्यांनी. आता कोण बोट दावतंय बघ."

करिष्माने तिच्या हातातून मला ओढलं आणि अंगणात भिरकावलं. दगडावर आपटून माझ्या एका पात्याचं टोक मोडलं. आत ती रडत होती, "दोन वर्षं, आज्जी, दोन वर्षं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.  मी धुळीत पडले होते आणि मला विचाराल तर आजी, नात आणि मी, आम्हा तिघींपैकी चूक कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी करिष्माने मला उचलून पिशवीत घातलं, आजीच्या पोत्यातल्या ओल्या पानांची मूठभर कात्रणं कागदात बांधली आणि फळी घेऊन बेळगावची बस धरली. कॉलेजात बसून दुरुस्त करू, असा तिचा हिशेब. कंडक्टर कानडीत काहीबाही पुटपुटला, फळी उभी धरायला लावली. खिडकीतून गरम वारा. बेळगावच्या अलीकडचं काकती गाव मागे पडेपर्यंत कात्रणं कडकडीत वाळून गेली. तेंदूचं पान ओलं असेल तोवरच ऐकतं, हे बिडीवालीच्या नातीला कळू नये? कॉलेजच्या व्हरांड्यात तिने ती लावायला घेतली आणि एकेक कात्रण बोटातच चुरलं.

सुनयना मॅडम आल्या. फळीकडे बघितलं, फोनमधला फोटो बघितला. "कडा का कापल्यास? ते हलणारं सगळं कुठं गेलं?" करिष्माने आजीचं नाव घेतलं नाही. "माझ्याच हातनं झालं," म्हणाली. दाराजवळची भिंत दुसऱ्या मुलीला मिळाली.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. अंबुबाई उंबऱ्यावरच होती. तिने फळी पाहिली, नातीचं तोंड पाहिलं.

"छाट काढली?"

"व्हय."

अंबुबाई उठली. फळीजवळ वाकली, डोळे बारीक करून कडेवरून अंगठा फिरवला. "माझंच चुकलं असंल," ती म्हणाली. "हल्ली नीट दिसंना झालंय. एखादी कड तिरकी ऱ्हाईली असंल बघ."

मित्रांनो, करिष्मा कालपासून तिच्याजवळ फिरकली नव्हती. आता ती मटकन तिच्याजवळ बसली. "आज्जी, तिरकी ऱ्हाईली न्हाई गं. त्यांना तिरकंच पायजे होतं."

"तिरकं कोण घेतंय?" अंबुबाईचा विश्वास बसेना. "माझी चेष्टा करतीस व्हय?"

 करिष्माने ओल्या पोत्यातून एक पान काढून तिच्या हातात दिलं, दुसऱ्या हातात मला दिलं. "काप."

"माप?"

"माप न्हाई. तुला वाटंल तसं."

अंबुबाईने मला उघडलं आणि फिरवलं. चौकोन. ती स्वतःच हसली, दुसरं पान घेतलं. पुन्हा चौकोन. तिसरं घेताना हसू गेलं होतं. मी माझ्या परीने वळायला बघत होते, मोडक्या टोकाने अडत होते, पण तिचा अंगठा मला बरोबर त्याच कोपऱ्यावर आणून सोडायचा. "जमंना गं," ती चिडून म्हणाली. "हातच वळंना." तिने मला खाली ठेवलं. पुन्हा उचललं. भीमरत्न दारात येऊन उभा राहिला होता.

मग एकदा, कोपरा येण्याच्या आधीच, तिने मनगट मुरडलं. मी शिरेवरून आडवी गेले, वळले, परत आले. हातात राहिलं ते कशासारखंच नव्हतं. वेडंवाकडं, एका बाजूला फाटलेलं. अंबुबाईने ते उंच धरलं आणि ताबडतोब, चोरी करताना पकडल्यासारखं, दाराकडे पाहिलं. कारखान्यातला तो माणूस तिथे उभा असावा तसं. दारात फक्त तिचा मुलगा होता. तो आत आला, तिच्या शेजारी मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आई, अजून एक काप की."

तर मित्रांनो, घरातल्या कात्रीला तेल द्या, पाती पुसून ठेवा, आणि सँडपेपर कापायला देवाशपथ दुसरं काहीतरी शोधा. पण एवढ्यावर थांबू नका. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याच्या हाताने जन्मभर दुसऱ्याच्या मापाने काम केलं. त्याच्या हातात कधीतरी एक कोरं पान द्या आणि शेजारी बसा. त्याने घाबरून दाराकडे पाहिलं, तर सांगा की आता कुणी तपासायला येणार नाही.