खड्ड्यातली बाळंतीण

खड्ड्यात घोटाभर पाणी, दोन बेडूक, एक फुटकं घमेलं. आणि पूर्वेकडच्या मातीच्या भिंतीत, वरून हातभर खाली, लिंबू जाईल एवढं एक बीळ. भागोजी गवंडी चिरे लावायला उतरणार, एवढ्यात त्या बिळातून निळं-जांभळं काहीतरी सुटलं आणि फणसाआड गेलं.

"तिबोटी खंड्या," मी म्हणालो.

सगुणाआत्या खड्ड्याच्या काठावरच बसली. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तिची सगळी रजा आम्ही दोघांनी कर्नाळ्याच्या रानात याच पक्ष्यामागे घालवली होती. तो पावसाबरोबर येतो, हे बी.एस्सी. होऊनही मला माहीत नव्हतं. आता तो चिपळूणजवळच्या आमच्या घरामागे, संडासासाठी खणलेल्या खड्ड्यात राहत होता.

"भागोजी, वर ये. काम बंद."

"नर्सबाय, गणपती बारा दिसांवर आले."

"पिल्लं उडाली की बांध."

भागोजी वर आला. "बारशाला बोलवा म्हंजे झालं."

मुंबईचा महिपतकाका, आत्याचा थोरला भाऊ, काम बघायलाच पुढे आला होता. गेल्या गणपतीत त्याची बायको रानात जाताना निसरड्यावर पडली होती. संडास नसेल तर आपण पोरासोरांसकट येणार नाही, असं तिने बजावलं होतं.

"लोक हसतील गो सगुणा. पाखरापायी माणसांनी रानात जायचं?"

"मी जातेच हाय एवढी वर्षं. तवा कोण हसला नाय."

"आमच्यातलं कोण येणार नाय मग."

"नको येऊ दे. दवाखान्यात बाळंतपणं करते मी, दादा. बाळंतिणीला पोरांसकट चिऱ्याआड गाडायला मला सांगू नको."

"घर कोणाचं हाय, ते इसरलीस."

"शाकारतो कोण, ते तू इसरलास."

काका संध्याकाळच्या एस.टी.ने परत गेला. आत्याने खड्ड्यातलं पाणी जायला चर काढून घेतला, भोवती करवंदीच्या काट्या रोवल्या. कामावरून आली की ती फणसाखाली उभी राहायची. पक्षी चोचीत सापसुरळी घेऊन यायचा, बिळात शिरायचा. शेजारच्या बायका विहिरीवर तिचं नाव काढून हसत. ती त्यांच्यादेखत कळशी भरून यायची.

चतुर्थीला पहाटे पिल्लं उडाली. दुपारी आरतीचं ताट आत्याने स्वतः उचललं. तो मान काकाचा असे. मग ओटीवर पानं मांडली. तीन, त्यातलं एक भागोजीचं. गेल्या वर्षी एकवीस होती.