दोन किल्ल्यांचा पिंजरा

मित्रांनो, मी एक पिंजरा आहे, पण माझ्यात कधी पोपट बसला नाही की वाघ. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात, चर्चच्या मागच्या भिंतीला टेकून मी गंजत पडलो आहे. मला बघायला येणारी मुले एकमेकांना सांगतात, "मेलेला माणूस भूत होऊन बाहेर येऊ नये म्हणून हा!" ते ऐकून माझा जळफळाट होतो. मेलेली माणसे बिचारी कुठेच जात नव्हती. भीती होती ती जिवंत माणसांची.

दोनशे वर्षांपूर्वी शहरात डॉक्टरकी शिकणाऱ्यांना चिरफाडीसाठी प्रेते कमी पडत. मग ताज्या कबरी उकरून प्रेते पळवणारे निघाले. आमच्या गावाने धसका घेतला. घराघरांतून मोडके फाळ, जुने नाल, कढया गोळा झाल्या आणि सँडी केम्लो लोहाराने त्यातून मला घडवले. नवी कबर झाली की दहा माणसे मला उचलून तिच्यावर ठेवत. सहा आठवड्यांत देह कुजून चोरांच्या उपयोगाचा राहत नसे, मग मला काढत. मला दोन कुलपे होती. एकाची किल्ली सँडीकडे, दुसरी मेलेल्याच्या घरच्यांकडे. कुणी एकट्याने मला उघडू नये म्हणून ही सोय.

तेव्हा माझे काय कौतुक होते म्हणून सांगू! बॉगहेडच्या शेताचा म्हातारा मालक तर जिवंतपणीच माझ्या शेजारी गवतावर आडवा झाला.

"सँडी, माझे पाय बाहेर राहणार नाहीत ना रे?"

"जन्मभर दुसऱ्याच्या बांधात पाय घातलेत, मालक. आता तरी आवरते घ्या!" सँडी म्हणाला, आणि म्हाताराच सगळ्यांत जोरात हसला.

पुढे एका डिसेंबरात तो खरेच गेला आणि मी त्याच्यावर बसलो. त्या हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठली होती. सहा आठवडे भरले त्याच दिवशी इसी वारली. एकोणीस वर्षांची पोर, छातीच्या दुखण्याने गेली. तिची आई एलस्पेट मोजे विणून पोट भरायची. त्या दोघींना एकमेकींवाचून कुणी नव्हते.

बॉगहेडचा मुलगा रॉबर्ट किल्ली घेऊन आला खरा, पण ती त्याने खिशातून काढलीच नाही.

"थंडी बघताय ना? बाबा अजून कालच पुरल्यासारखे असतील. आणखी पंधरा दिवस पिंजरा हलणार नाही."

"माझी पोर थांबेल रे पंधरा दिवस," एलस्पेट म्हणाली. "ते चोर थांबतील का?"

"तिला कोण नेतंय? होतं काय तिच्या अंगात? हाडं नि कातडी!"

"हाडं नि कातडी का होईना, माझी आहेत ती. सँडी, तू तरी बोल की!"

सँडीने मान खाली घातली. "माझ्या एकट्याच्या किल्लीनं काय होणार, बाई?"

मित्रांनो, ते खोटे होते. ती कुलपे त्यानेच घडवली होती. हातोड्याचा एक घाव पुरला असता आणि हातोडा त्याच्या कमरेलाच होता. पण बॉगहेडचे बारा घोडे त्याच्याकडे नाल ठोकायला येत. मला त्याचा राग आला, आणि माझी स्वतःची लाज वाटली.

एलस्पेटने समुद्रावरून शिंपले आणले आणि इसीच्या कबरीवर ओळीने मांडले, सगळे पालथे. कुणी माती हलवली तर कळावे म्हणून आमच्याकडच्या बायका असे करत. दोन सकाळी शिंपले जसेच्या तसे होते. तिसऱ्या सकाळी ओळ सरळच होती, पण एक शिंपला उताणा पडला होता. एलस्पेटने गुडघ्यांवर बसून हातांनी माती उपसली.

पेटीचे डोक्याकडचे झाकण फोडलेले होते. आत फक्त कफन होते, नीट गुंडाळी करून ठेवलेले. कफन नेले तर ती चोरी ठरत असे. देहावर कायद्याने कुणाचीच मालकी नव्हती, म्हणून चोर कपडा मागे ठेवत. एलस्पेट रडली नाही. ते कफन घेऊन ती घरी गेली.

काही वर्षांनी सँडी माझ्या कुलपांना तेल घालत होता. एलस्पेट काठी टेकत आली. दोन पावले टाकली की तिला धाप लागत होती.

"एलस्पेट, तुझी वेळ आली ना, की हा पिंजरा तुझ्यावर. कुणाची किल्ली बघणार नाही मी. शब्द देतो."

"खबरदार!" ती म्हणाली. "माझ्यावर काही ठेवायचं नाही. माती भुसभुशीत राहू दे, नि पेटीला खिळे कमी मार. इसीला नेलं तिथं मलाही नेऊ देत. कुठल्या टेबलावर का होईना, गाठ तर पडेल."

मित्रांनो, मला रंग लावू नका, माझा गंजही घासू नका. पण समोर कुणी मदतीसाठी उभे असेल, तर दुसरी किल्ली कुणाकडे आहे हे विचारत बसू नका.

सँडीने तिचे ऐकले. इसीच्या रिकाम्या कबरीशेजारी तिला पुरले, तेव्हा त्याने मला तिच्यावर ठेवले नाही. पण तोवर कायदा बदलला होता, डॉक्टरांना बेवारशी प्रेते रीतसर मिळू लागली होती आणि कबरी उकरणारे नाहीसे झाले होते. एलस्पेटला न्यायला कुणीही आले नाही.